हार्टवर्मचे उपचार सुरू असताना कुत्र्याची घरी काळजी कशी घ्यायची? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्ताचा रिपोर्ट ‘हार्टवर्म पॉझिटिव्ह’ आला की घरातले सगळे धास्तावतात. कुत्रं मात्र नेहमीसारखं दारात उभं असतं, चला फिरायला म्हणून. पुढचे काही महिने तुमची खरी कसोटी या दारात उभ्या असलेल्या, बरं दिसणाऱ्या कुत्र्याशी आहे. औषधं डॉक्टर देतील, पण उपचाराचा मोठा भाग तुमच्या घरात पार पडणार आहे. डोस, तारखा आणि औषधांची निवड तुमच्या डॉक्टरांचीच. इथे फक्त घरी काय सांभाळायचं ते सांगितलं आहे.

हा आजार नेमका काय आहे?

डिरोफिलेरिया इमिटिस नावाच्या जंताचा हा आजार. आजारी कुत्र्याच्या रक्तात या जंताची सूक्ष्म पिल्लं फिरत असतात, त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. डास चावतो तेव्हा ती डासाच्या पोटात जातात, तिथे साधारण दोन आठवड्यांत वाढतात आणि तोच डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की त्याच्या अंगात शिरतात. पूर्ण वाढ व्हायला सहा-सात महिने लागतात. वाढ झालेले जंत हृदयाच्या उजव्या बाजूला आणि विशेषतः हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत राहतात. मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते. कुत्र्याच्या शरीरात हे जंत पाच ते सात वर्षं जगू शकतात.

म्हणजे आज जो खोकला ऐकू येतोय, त्याला कारण झालेला डास मागच्या पावसाळ्यात किंवा त्याही आधी चावलेला असू शकतो. ‘आम्ही तर घरात मच्छरदाणी लावतो’ म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. क्युलेक्स, एडिस, ॲनाफिलिस हे तिन्ही प्रकारचे डास हा जंत पसरवू शकतात आणि तिन्ही आपल्या गावात आहेत.

म्हणजे गोचीड तापच ना?

नाही. गोचीड ताप, म्हणजे एर्लिकिया किंवा बबेसिया, गोचिडीतून येतो आणि रक्तपेशींवर हल्ला करतो. हार्टवर्म डासातून येतो. गोंधळ होतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे डॉक्सिसायक्लिन ही गोळी दोन्हींत देतात, त्यामुळे ‘मागच्या वर्षी दिली होती तीच ही’ असं वाटतं. दुसरं म्हणजे हार्टवर्म आणि एर्लिकिया दोन्ही एकाच किटवर तपासले जातात. नागपुरात गोचीड तापाचं नाव इतकं ऐकू येतं की कुत्रं मलूल दिसलं की लोक तेच गृहीत धरतात.

डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा: अँटिजेन चाचणी झाली का, की फक्त काचपट्टीवर रक्त पाहिलं? काचपट्टीवर मायक्रोफायलेरिया दिसले तरी ते याच जंताचे असतील असं नाही. डिरोफिलेरिया रेपेन्स नावाचा त्वचेखाली राहणारा भाऊबंदही भारतात आहे आणि पिसवांतून पसरणारा आणखी एक निरुपद्रवी जंतही तसाच दिसतो. अँटिजेन चाचणी मोठ्या मादी जंताचा पुरावा शोधते. दोन्ही चाचण्या आणि छातीचा एक्स-रे असला की डॉक्टरांना आजार किती पुढे गेला आहे ते कळतं. सोनोग्राफी, इको यांची गरज पडली आणि जवळच्या दवाखान्यात सोय नसेल, तर सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारता येईल. १९५८ पासूनची ही संस्था आता माफसूच्या, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे.

उपचार किती दिवस चालतात?

महिन्यांचा हिशोब धरा, आठवड्यांचा नाही.

जगभर प्रमाण मानला जाणारा मार्ग असा आहे. निदान झालं की महिन्याचं प्रतिबंधक औषध लगेच सुरू होतं. सोबत डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. ही गोळी जंताला थेट मारत नाही, जंताच्या पोटात राहणाऱ्या वोल्बाकिया नावाच्या जिवाणूला मारते. त्याने जंत अशक्त होतो आणि पुढे तो मरताना फुप्फुसात होणारी सूज कमी राहते. नंतर महिनाभर थांबतात. मग मेलारसोमिन या आर्सेनिकयुक्त औषधाची तीन इंजेक्शनं, ६०व्या, ९०व्या आणि ९१व्या दिवशी, कमरेच्या जाड स्नायूत खोलवर. शेवटच्या इंजेक्शननंतरही सहा ते आठ आठवडे सक्त आराम.

मेलारसोमिन आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही. म्हणून इथले बरेच डॉक्टर दुसरा मार्ग धरतात: डॉक्सिसायक्लिनचा कोर्स आणि मानेवर सोडायचं मॉक्सिडेक्टिनचं औषध दर महिन्याला. हा मार्ग खरा आहे, पण संथ आहे. जंत हळूहळू मरतात, त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो आणि तोवर रक्तवाहिन्यांचं नुकसान थोडं थोडं चालूच राहतं. आरामाचा काळही त्या प्रमाणात लांबतो. तुमच्या कुत्र्यासाठी कोणता मार्ग ठरला आहे आणि का, हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण घरातलं सगळं नियोजन त्यावर ठरतं.

‘आराम’ म्हणजे किती आराम?

या पानावर सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

जंत मेला की तो शरीराबाहेर पडत नाही. त्याचे तुकडे रक्ताबरोबर फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत जाऊन अडकतात आणि शरीर ते हळूहळू विरघळवतं. कुत्रं शांत पडून असेल तर हे काम निभतं. कुत्रं धावलं, उड्या मारल्या, मांजरामागे सुटलं की हृदय जोरात रक्त ढकलतं, तुकडे आत खोल जाऊन बसतात, वाट बंद होते आणि कुत्रं धाप लागून कोसळू शकतं. इंजेक्शननंतर सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास हा धोका सगळ्यात जास्त असतो आणि चार आठवड्यांपर्यंत राहतो. नेमकं तेव्हाच कुत्रं टवटवीत दिसायला लागतं, कारण सूज उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतात. घरातली मंडळी विरघळतात ती इथेच. ‘बघा ना, किती छान झालाय, जरा मैदानात सोडू.’ सोडू नका.

आराम म्हणजे: बाहेर जाणं फक्त शी-शूसाठी, पट्ट्यावर, हळू चालीने, काही मिनिटांपुरतं. पट्टा छोटा, आणि गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस, म्हणजे ओढलं तरी गळ्यावर ताण येत नाही. घरात पळापळ नाही, चेंडू नाही, रस्सीखेच नाही, सोफ्यावर उडी नाही. दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही. अंगणात मोकळं सोडणं तर अजिबातच नाही. अंगणात खार असते आणि खार दिसल्यावर कुठलं कुत्रं चालत जातं?

पिंजरा असेल तर उत्तम: त्यात उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढा. नसेल तर घरातली छोटी खोली रिकामी करा. आमच्या शेजारच्या काकूंनी देवघराला लागून असलेल्या पॅसेजच्या दोन्ही टोकांना जुन्या पलंगाच्या फळ्या आडव्या लावल्या, खाली सतरंजी घातली, आणि त्यांची लॅब्रॅडॉर तिथे राहिली. तिला सगळं घर दिसायचं, काकूंचा आवाज ऐकू यायचा, पण तीन पावलांपेक्षा जास्त जाता यायचं नाही. जागा निवडताना हेच पाहा. एकटं कोंडलेलं कुत्रं भुंकून भुंकून दमतं, आणि तेही नकोच आहे.

हा आराम निदान झालं त्या दिवसापासून सुरू करा. इंजेक्शनची वाट पाहू नका.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मग?

लहान कुत्रं उचलून न्या. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठ सरळ. मोठं कुत्रं असेल तर दोघांनी मिळून मजबूत चादरीच्या झोळीत नेता येतं, पण तेवढ्यानेही ते घाबरून धडपडत असेल तर उपयोग नाही. अशा वेळी बरीच कुटुंबं बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये जुनी वर्तमानपत्रं, नाहीतर ट्रेमध्ये माती टाकून शी-शूची सवय लावतात. चार-पाच दिवस लागतात, मोठ्या कुत्र्यालाही जमतं. तळमजल्यावर नातेवाईक असतील आणि त्यांची तयारी असेल, तर इंजेक्शनच्या काळात मुक्काम तिकडे हलवणं सगळ्यात चांगलं.

दाराची बेल वाजली की तो वेडापिसा होतो. काय करू?

बेल बंद करा. खरंच, बटणाची वायर काढून ठेवा आणि दारावर चिठ्ठी लावा: ‘कुत्रा आजारी आहे, बेल वाजवू नका, फोन करा.’ दूधवाला, पेपरवाला, सिलिंडरवाला, सगळ्यांना एकदा सांगितलं की लक्षात ठेवतात. आमच्याकडच्या गावठी काळीला पाहुण्यांचं भारी वेड होतं. कुणी आलं की ती मागच्या दोन पायांवर उभी राहून नाचायची. आम्ही पाहुण्यांनाच सांगायला लागलो: आत आल्यावर तिच्याकडे पाहू नका, बोलू नका, आधी खाली बसा. लोक हसायचे, पण पाळायचे, आणि ती शेपटी आपटत पडून राहायची.

दिवाळीचे फटाके, पोळा, मारबतीची मिरवणूक... या काळात काय करायचं?

तारखा आधीच पाहा. कॅलेंडर घेऊन डॉक्टरांसमोर बसा. समजा निदान ऑगस्टच्या सुरुवातीला झालं, तर ६०वा दिवस ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि ९०वा नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतो, म्हणजे दिवाळीच्या अल्याडपल्याड. फटाक्यांना घाबरणारं कुत्रं असेल तर इंजेक्शनची तारीख थोडी पुढे-मागे करता येईल का, हे नक्की विचारा. घाबरून थरथरणं, पिंजऱ्याला धडका देणं, हेही हृदयासाठी धावण्यासारखंच आहे.

महाल, इतवारी भागात राहत असाल तर पोळ्याच्या पाडव्याला मारबत निघते तेव्हा ढोल, डीजे आणि गर्दी दारातून जाते. त्या दिवसापुरतं कुत्र्याला घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या बंद, कूलर किंवा पंखा जोरात, कुणीतरी शेजारी बसलेलं. गणपती, नवरात्र, लग्नाच्या वराती, सगळ्यांना हेच लागू. शांत ठेवणाऱ्या गोळ्या असतात, गाबापेंटिन, ट्राझोडोन वगैरे. त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या, पण मागायला संकोच करू नका. गरज असताना त्या देणं म्हणजे कुत्र्याला गुंगवून ठेवणं नव्हे.

दिवसभर बांधून ठेवलंय, तो उदास झालाय. मनाला कसं रमवायचं?

पाय बंद असले तरी नाक आणि जीभ मोकळी आहे. जुना टॉवेल घ्या, त्यात त्याच्या जेवणातलेच दाणे किंवा उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे पसरा, टॉवेलची गुंडाळी करा आणि समोर ठेवा. पडल्या पडल्या उलगडत बसतो. वास घेत शोधण्याने कुत्रं थकतं आणि शांत होतं. बिनमिठाचं, बिनकांद्या-लसणाचं चिकनचं पाणी वाटीत गोठवून चाटायला द्या, उन्हाळ्यात तर त्याला स्वर्ग. बसल्या जागी शिकवता येतं: ‘हात दे’, ‘इकडे बघ’, ‘नाकाने हाताला शिव’. दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं.

आणि बसा त्याच्याजवळ. तुमचं वाचन, मोबाइल, मटार सोलणं, सगळं त्याच्या सतरंजीवर होऊ शकतं.

डॉक्सिसायक्लिन दह्यातून देऊ का? पटकन खातो.

दही, दूध, ताक, पनीर यांतून नको. त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते पुरतं अंगी लागत नाही. उकडलेलं अंडं, चिकनचा तुकडा, भाताचा गोळा यांत घाला. रिकाम्या पोटी देऊ नका, उलटी होते. आणि कोरडी गोळी तशीच घशात ढकलू नका. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. वर लगेच थोडं खाणं किंवा पाणी गेलंच पाहिजे.

एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. दोनदा उलटी झाली किंवा त्याने जेवण सोडलं तर स्वतः औषध बंद न करता डॉक्टरांना फोन करा. डोस विभागून किंवा औषध बदलून मार्ग निघतो.

प्रेडनिसोलोन (सूज उतरवणारी गोळी) सुरू केल्यापासून सारखा पाणी पितो, सारखी शू करतो.

हे त्या औषधाचंच लक्षण आहे. पाणी तोडू नका. जास्त वेळा बाहेर न्या, रात्री झोपायच्या आधी एकदा आणि पहाटे एकदा. भूकही वाढते. डोळ्यांत इतकं केविलवाणं मागतो की हात सैल सुटतो, पण वजन वाढलं तर हृदयालाच जड जातं. जेवण तेवढंच, फक्त जास्त वेळा विभागून द्या.

हे औषध मनानं अचानक थांबवायचं नाही. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने कमी करतात. आणि त्यासोबत माणसांची कुठलीही वेदनाशामक गोळी देऊ नका. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, क्रोसिननेही कुत्र्याला इजा होते.

खायला काय द्यावं?

जे पचतं तेच. आजार झाला म्हणून जेवण एकदम बदलू नका. घरचं देत असाल तर भात, चिकन, अंडं, दुधी, भोपळा चालेल. मीठ कमी, कांदा-लसूण बिलकुल नाही. सावजी रश्श्यातली हाडं आणि उरलेली तर्री तर कधीच नाही, आजारी असो की ठणठणीत.

इंजेक्शननंतर पाठ दुखते असं वाटतं. चोळू का?

चोळू नका, शेकही देऊ नका. मेलारसोमिन कमरेच्या स्नायूत जातं आणि तिथे सूज, दुखणं येतं. काही दिवस कुत्रं वाकायला, उठायला कंटाळतं. खाण्याची वाटी थोडी उंचावर ठेवा, अंथरूण जाड करा, उचलताना कमरेवर दाब देऊ नका. मुलांना सांगा, पाठीवर हात नाही, डोक्यावर फिरवा. गाठ वाढत गेली, गरम लागली, पू दिसला किंवा मागचे पाय लटपटायला लागले तर त्याच दिवशी दाखवा.

कोणती लक्षणं दिसली तर धावत जायचं?

रोज रात्री कुत्रं गाढ झोपलं की छाती वर-खाली होताना मोजा. एक वर, एक खाली म्हणजे एक श्वास. पूर्ण एक मिनिट. निरोगी कुत्र्याचे झोपेतले श्वास मिनिटाला ३० च्या आत असतात. आकडा वहीत लिहून ठेवा. तुमच्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा २० असेल आणि दोन रात्री तो ३५ आला, तर सकाळची वाट पाहू नका.

दुसरं, हिरड्या. ओठ वर करून पाहा, गुलाबी असायला हव्यात. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यांत खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहा. पांढुरका, निळसर किंवा करडा रंग दिसला तर लगेच निघा.

याखेरीज खोकल्यात रक्त, अचानक वाढलेला खोकला, बसून मान ताणून श्वास घेणं, चक्कर येऊन पडणं, ताप, एकाएकी जेवण सोडणं, फुगलेलं पोट. आणि कॉफीसारखी काळपट लघवी, सोबत हिरड्या पांढऱ्या आणि कुत्रं मरगळलेलं, ही सगळ्यात गंभीर अवस्था. जंतांचा गुंता हृदयातच अडकला असू शकतो, मग तास महत्त्वाचे ठरतात.

रात्री दोन वाजता कोण फोन उचलतं, कोणत्या दवाखान्यात ऑक्सिजन आहे, हे उपचार सुरू व्हायच्या आधीच विचारून फ्रिजवर चिकटवून ठेवा. गाडी कोणाची, उचलायला दुसरं माणूस कोण, हेही. नेताना कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या.

आमच्या घरी हत्तीरोगाच्या गोळ्या आहेत. हाही फायलेरियाच ना? देऊ का?

कृपा करून देऊ नका. नागपूर जिल्ह्यात माणसांच्या हत्तीरोगासाठी सामूहिक औषधवाटप होत आलं आहे, त्यामुळे अनेक घरांत डीईसीच्या गोळ्या पडलेल्या असतात. माणसाचा हत्तीरोग वेगळ्या जंताचा, वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टीचा. आणि ज्या कुत्र्याच्या रक्तात मायक्रोफायलेरिया आहेत, त्याला डीईसी दिली तर ही पिल्लं एकदम मरून कुत्र्याला काही वेळातच जीवघेणा शॉक बसू शकतो.

गायी-म्हशींचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन अंदाजाने टोचून घेण्याबद्दलही हेच. हार्टवर्म टाळण्यासाठी लागणारी मात्रा अगदी सूक्ष्म असते, गोचिडीसाठी टोचतात ती तिच्या कितीतरी पट. कॉली आणि तिच्या जवळच्या जातींत तर जास्त मात्रा थेट मेंदूवर परिणाम करते. डॉक्टर देतील त्या प्रतिबंधक औषधाचा पहिला डोसही सकाळी द्या, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं.

मानेवर सोडायचं औषध लावताना काय सांभाळायचं?

केस बाजूला सारून थेट कातडीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, जिभेला पोचणार नाही तिथे. वाळेपर्यंत मुलांनी हात लावायचा नाही, घरातल्या दुसऱ्या कुत्र्याने चाटायचं नाही. मॉक्सिडेक्टिन पोटात गेलं तर त्रास होतो. आंघोळ कधी घालायची ते पाकिटावर लिहिलेलं असतं, तेवढे दिवस थांबा.

एप्रिल-मे मध्ये उपचार चालू असतील तर?

नागपूरचा मे म्हणजे ४५ अंशांच्या वरही पारा. गरमीत कुत्रं तसंही धापा टाकतं, श्वास मोजणं कठीण होतं आणि हृदयावर ताण येतो. बाहेर नेणं सूर्योदयापूर्वी आणि रात्री उशिरा, डांबर थंड झाल्यावर. दिवसभर कूलर किंवा एसीची खोली. श्वास मोजायचे तर खोली थंड झाल्यावर तासाभराने.

डासांचं काय करायचं? उपचार चालू असताना परत लागण होईल का?

प्रतिबंधक औषध वेळेवर चालू असेल तर नवीन जंत वाढत नाहीत. पण तुमच्या कुत्र्याच्या रक्तात मायक्रोफायलेरिया असतील तर त्याला चावलेला डास गल्लीतल्या दुसऱ्या कुत्र्याकडे आजार नेतो. म्हणून डास रोखणं दोन्हीकडून गरजेचं.

नागपुरात पहिला संशयित म्हणजे कूलर. डेझर्ट कूलरच्या टाकीत साचलेलं पाणी एडिस डासाला फार आवडतं आणि त्याची अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेच्या वर चिकटतात. पाणी ओतून टाकलं तरी अंडी कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात, पुन्हा पाणी आलं की फुटतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतल्या भिंती ब्रशने घासायच्या. पावसाळ्यात बंद झालेला कूलर गच्चीवर तसाच ठेवला की त्यात पाऊस साचतो, तो पुसून पालथा घाला. खसाची किंवा लाकडी भुशाची ओली जाळीही काढून वाळवा. कुंड्यांच्या ताटल्या, टायर, नारळाच्या करवंट्या, कुत्र्याच्याच पाण्याची बाहेर राहिलेली घमेली, सगळं तपासा. विहीर किंवा टाकं असेल तर गप्पी मासे सोडा. क्युलेक्स मात्र तुंबलेल्या नालीत वाढतो, त्यासाठी महापालिकेकडे तक्रार करत राहणं भाग आहे.

कुत्र्याच्या जागेवर मच्छरदाणी लावा, लहान मुलांची घडीची असते ती मध्यम कुत्र्याला पुरते. अगरबत्तीचा किंवा कॉइलचा धूर खोकणाऱ्या कुत्र्याजवळ नको. माणसांच्या अंगाला लावायची डासांची मलमं कुत्र्याला लावू नका, तो चाटतो. कुत्र्यांसाठी पर्मेथ्रिन असलेली औषधं मिळतात, पण घरात मांजर असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा: पर्मेथ्रिन मांजरासाठी जीवघेणं आहे. गल्लीत धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या बंद.

घरात लहान बाळ आहे, आजी आहेत. त्यांना होईल का? दुसऱ्या कुत्र्याला?

चाटण्यातून, एका वाटीत खाण्यातून, शी-शूतून, मिठीतून हा आजार पसरत नाही. मध्ये डास लागतोच. माणसाला डासातून क्वचित लागण होते, पण हा जंत माणसात पूर्ण वाढत नाही. घरातल्या दुसऱ्या कुत्र्याची चाचणी मात्र करून घ्या, कारण त्याच घरातले तेच डास त्यालाही चावले आहेत. मांजरालाही हा जंत होऊ शकतो आणि मांजरात त्याचं निदान अवघड असतं, तेव्हा तिचंही विचारा.

कडुनिंब, हळद, लसूण, जडीबुटी यांनी जातो का?

नाही. लसूण तर कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक आहे. या प्रयोगांत जाणारे महिने जंताला मिळतात.

आम्ही कॉलनीतल्या रस्त्यावरच्या कुत्र्याला खाऊ घालतो. तोच पॉझिटिव्ह आलाय.

हा प्रश्न विचारणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. मोकळा फिरणारा कुत्रा इंजेक्शनच्या उपचाराला योग्य नाही, कारण आराम पाळता येणार नाही आणि तो आरामाशिवाय धोक्यात येईल. दोन मार्ग उरतात. काही महिने कुणीतरी त्याला घरी ठेवायचं: गच्चीवरची खोली, कुणाचं रिकामं गॅरेज, कॉलनीतल्या चार घरांनी वाटून घेतलेली जबाबदारी. असं होताना मी पाहिलं आहे. एका घरी जागा, दुसऱ्या घरून जेवण, तिसऱ्या घरातला कॉलेजचा मुलगा सकाळ-संध्याकाळ पट्ट्यावर नेणारा. नाहीतर डॉक्टरांशी बोलून डॉक्सिसायक्लिन आणि मॉक्सिडेक्टिनचा संथ मार्ग. त्यातही मुलांनी त्याला पळवू नये, गाड्यांमागे धावू देऊ नये, एवढं कॉलनीत सांगून ठेवा. शक्य असेल तेव्हा त्याला बसवा आणि ठरलेल्या जागीच खाऊ घाला.

संपलं कधी म्हणायचं? फिरायला कधी न्यायचं?

इंजेक्शनच्या मार्गात, शेवटच्या इंजेक्शननंतर सहा ते आठ आठवडे झाले, खोकला नाही, झोपेतले श्वास नेहमीच्या आकड्यावर आहेत आणि डॉक्टरांनी तपासून होकार दिला की हळूहळू वाढवायचं. पहिला आठवडा पाच-दहा मिनिटं पट्ट्यावर सपाट रस्त्याने. मग दर आठवड्याला थोडं जास्त. फुटाळ्याची चक्कर किंवा अंबाझरीची बाग बरीच नंतर, आणि धावणं सगळ्यांत शेवटी. महिनोन्महिने पडून राहिल्याने स्नायू आखडलेले असतात, त्यालाही वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी कुत्रं थकलेलं वाटलं तर एक पाऊल मागे या.

अँटिजेन चाचणी लगेच करण्यात अर्थ नाही. मेलेल्या जंतांचे अंशही काही काळ चाचणीत दिसतात. शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण नऊ महिन्यांनी करतात. संथ मार्गात डॉक्टर दर सहा महिन्यांनी तपासतात आणि निगेटिव्ह येईपर्यंत औषध चालू ठेवतात. प्रतिबंधक औषध मात्र बाराही महिने, हिवाळ्यातसुद्धा. जंताची पिल्लं डासात वाढायला १४ अंशांच्या वर तापमान लागतं आणि नागपुरात डिसेंबरच्या दुपारीही ते मिळतं. महिन्याची तारीख ठरवून टाका, वीजबिल भरता त्याच दिवशी, म्हणजे विसरणार नाही.